दारू पिऊन गाडी, आणि तुरुंगाऐवजी उपचार: घरच्यांचे अनुभव लिहा

सांजवेळ:
काल रस्त्यात पोलिसांनी नळीत फुंकायला लावलं. मी थेंबालाही न शिवणारी, तरी हात गार पडले. बाबा आठवले. त्यांचा दुसरा गुन्हा होता. कोणाला लागलं नव्हतं म्हणून न्यायाधीशांनी तुरुंगाऐवजी उपचार दिले. नातेवाईक म्हणाले, सुटलात! आई गप्प. पुढे कधीतरी बोलली, "आत गेले असते तर मी निदान झोपले तरी असते." केंद्रातून आल्यावर किल्ली लपवणं, वास घेणं, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला गेल्याची कार्डावर सही झाली का बघणं, सगळं तिच्याकडे. शिक्षा बाबांची, पहारा तिचा. दारू सुटली बाबांची, पण उशिरा. कायद्याचा काथ्याकूट नको, घरात काय झालं ते लिहा.

रातकिडा:
सही-कार्ड!! भावाचंही होतं. मागच्या बाकावर झोपा काढून सही घेऊन यायचा. पण जबरदस्तीने का होईना, जात राहिला. एक दिवस सहीचं बंधन संपलं तरी गेला. का ते आजही सांगत नाही.

ओसरी:
माझा दीर अशाच एकाच्या गाडीखाली गेला. समोरच्याला 'आजारी' म्हणताना कोर्टात ऐकलंय. असेल आजार. पण गाडी त्यानेच चालू केली ना. जास्त लिहवत नाही.

सांजवेळ:
ओसरीताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मीठभाकर:
फोनवरून लिहितेय, चुका समजून घ्या. आमच्याकडे उलटं. काका दोन रात्री कोठडीत. दुसऱ्या दिवशी हात थरथर, घाम, भिंतीवर किडे दिसायला लागले. तिथल्यांना वाटलं नाटक करतोय. मग फिट आली तेव्हा दवाखान्यात हलवलं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की दोन-तीन दिवसांत असं होऊ शकतं, जीवही जातो. तिथे ब१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि झोपेची औषधं देऊन उतरवलं. म्हणून 'आत टाका, आपोआप सुटेल' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. बाकी काका महा खडूस हं, बरे झाल्यावर सगळ्यांच्या लग्नात नाक खुपसतात.

परदेशी पाहुणा:
सांजवेळ, पहाऱ्याचं अगदी पटलं. मेहुणा अमेरिकेत साउथ डकोटात असतो. तिथे २००५ पासून '२४/७' नावाची योजना आहे. सकाळ-संध्याकाळ जाऊन फुंकायचं, चाचणीचे पैसेही आपणच भरायचे. दारू सापडली की लगेच एक-दोन रात्री आत. शिक्षा छोटी, पण हमखास. बहीण म्हणते, मला वास घ्यावा लागत नाही, त्यानेच निम्मा संसार वाचला. उपचार वेगळे चालू होतेच, नुसत्या फुंकण्याने डोकं थोडंच बदलतं. नंतर गाडीत इंटरलॉक बसवलं, फुंकल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. एकदा माउथवॉश करून बसला आणि गाडी ढिम्म! चूळ भरून पंधरा मिनिटं थांबला, मग हलली.

रातकिडा:
😂 दात स्वच्छ, गाडी बंद.

गुलबक्षी:
आमच्या शेजारणीने नवऱ्याला जेवणातून गोळी दिली होती, दारूचा तिटकारा येणारी. कोणी वापरलीय का? कोर्टकचेरीपेक्षा सोपं नाही का?

टाचणी:
गुलबक्षी, नको!!! मी औषधाच्या दुकानात बसते. ती डायसल्फिराम. वर दारू प्यायली की चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली. हृदय अधू असेल तर जिवावर बेततं. घेणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे, डॉक्टरांनीच द्यायची. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहतो. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन वेगळी, तीही डॉक्टरांना विचारूनच.

गुलबक्षी:
बापरे. शेजारणीला आत्ताच फोन करते.

मीठभाकर:
टाचणी, खोकल्याच्या औषधातही अल्कोहोल असतं ना काही?

टाचणी:
हो, काहींत असतं. डायसल्फिराम चालू असेल तर बाटलीवरचं वाचून घ्यायचं. आफ्टरशेव्हनेसुद्धा एखाद्याला त्रास होतो.

रातकिडा:
म्हणजे भावाने दाढी वाढवली ती यासाठी होती तर! आम्हाला वाटलं वैराग्य आलंय.

टाचणी:
विचारून बघा, आणि गुलबक्षी, शेजारीण काय म्हणाली ते कळवा.