चार वर्षांच्या मुलीला रोज दोन पानं गृहपाठ : करून घ्यावा का?

ओसरी (धागाकर्ती)

माझी मुलगी ४ वर्षं २ महिन्यांची आहे, ज्युनिअर केजीत जाते. जूनपासून रोज दोन पानं घरी येतात. एक इंग्रजी अक्षरांचं, एक आकड्यांचं. मागच्या आठवड्यात 'बी' गिरवताना तिने पेन्सिल टाकली, हात मांडीखाली लपवला आणि म्हणाली, "हात दुखतो." मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी लाल शाईत शेरा आला : काम अपूर्ण, पालकांनी लक्ष द्यावे.

मी ठरवलंय, सहा वर्षांची होईपर्यंत घरी लेखन नाही. ती अजून पेन्सिल मुठीत धरते. मुलांची ताकद आधी खांद्यात येते, मग कोपरात, मनगटात, आणि बोटांच्या टोकांपर्यंत सगळ्यात शेवटी. ती बोटं तयार व्हायला वही लागत नाही. आमच्याकडे ती कणकेचे गोळे करते, मटार सोलते, ओलं फडकं पिळते, दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे काढते आणि लावते. राजमा-चवळी एकत्र करून दिली की वेगवेगळी करत बसते. उन्हं उतरली की गॅलरीच्या फरशीवर पाण्याने ब्रश फिरवते, आणि रेघ वाळून जाते ती बघत राहते. परवा तिने अशीच एक लांब रेघ ओढली आणि म्हणाली, "ही नदी." वहीतल्या रेघेबद्दल ती कधी काही बोललेली नाही.

चार वर्षांच्या मुलाला घरचा अभ्यास देणं चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

पहिलीपिढी

ताई, तुमच्याशी मी सहमत नाही, आणि का ते सांगतो.

माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते, आई चार घरची धुणीभांडी करायची. घरात छापील कागद म्हणजे किराण्याची पुडी. पहिलीत गेलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिल हातात धरली. शेजारचा मुलगा स्वतःचं नाव लिहीत होता. तो हुशार आणि मी ढ, हे पहिल्या आठवड्यातच ठरलं. चौथीपर्यंत ते पुसलं गेलं नाही. कणीक आणि मटार माझ्या घरीही होते. बोटं तयार होती, पण अक्षराची ओळखच नव्हती.

तुमच्या मुलीभोवती पुस्तकं असतील, तुम्ही रात्री गोष्ट वाचून दाखवत असाल. ती सहाव्या वर्षी लिहायला लागली तरी तिचं काही अडणार नाही. पण हा सल्ला सरसकट सगळ्यांना दिला, तर ज्याच्या घरी वाचणारं कुणी नाही त्या मुलाची दोन वर्षं जातात. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. रोज संध्याकाळी त्याला दहा मिनिटं वहीपाशी बसवतो आणि बसवत राहणार.

खडूफळा

मी अंगणवाडी सेविका आहे, डहाणू भागात, १९ वर्षं. दोघांचंही अर्धंअर्धं पटलं.

आमच्याकडे पालक विचारतात, "बाई, वही कुठाय? नुसतं खेळवता का?" आणि जूनमध्ये पोरं उचलून इंग्रजी नर्सरीत घालतात. चुलीपाशी बसून सांगितलं तरी पटत नाही, कारण वही दिसते आणि खेळातलं शिकणं दिसत नाही. हे दुखणं आजचं नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आमच्याच डहाणू भागातल्या बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येतच नव्हती. मग बालवाडीच पाड्यावर, घरांच्या अंगणात गेली. अंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं इथून सुरुवात. साहित्य म्हणजे बिया, शिंपले, पानं, गोटे. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती त्यानंतर ३० वर्षांनी, १९७५ मध्ये.

पण ओसरीताई, "सहा वर्षांपर्यंत लेखन नाही" हेही मला पटत नाही. मी पाटी देते. पाटीवर अक्षर मोठं काढता येतं, अख्खा हात फिरतो, चुकलं तर पुसलं, शेरा कुणी मारत नाही. ताटलीत पीठ पसरून बोटाने 'र' काढायला लावते. चिंचोके मांडून 'ग' करतात. हे लेखनच आहे.

दुपारची शाळा

इथे एक गोष्ट निसटते आहे. ताराबाई आणि त्यांचे सहकारी गिजुभाई बधेका ज्यांच्याकडे बघून उभे राहिले, त्या इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी लहान वयात लेखन नको असं म्हणत नव्हत्या. उलट. रोममध्ये १९०७ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या बालगृहात चार-पाच वर्षांची मुलं लिहायला लागली, तीही वाचायच्या आधी. त्यामुळे 'लहान मुलं आणि लेखन' या जोडीलाच विरोध करणाऱ्यांनी मॉन्टेसरींचं नाव घेऊ नये.

फरक पद्धतीत आहे. त्यांच्याकडे काचकागदाची अक्षरं होती, मूल त्यावरून बोट फिरवायचं आणि ध्वनी उच्चारायचं. दट्ट्यांचे ठोकळे होते, म्हणजे लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत बसणारे, वर छोटी मूठ असलेले दट्टे. तो दट्ट्या मूल तीन बोटांत धरतं, म्हणजे पेन्सिलची पकड खेळता खेळता बसते. आणि मूल उठलं तर उठलं. दोन पानं पूर्ण कर, असं कुणी म्हणायचं नाही.

म्हणून माझं मत : चौथ्या वर्षी अक्षर जरूर, गृहपाठ मुळीच नाही. पहिलीपिढी, तुमच्यावर अन्याय झाला तो पहिलीच्या वर्गात. नवीन आलेल्या मुलाला ओळीने बसवून तुलना करणारा वर्ग चुकला. त्याचं प्रायश्चित्त साडेचार वर्षांच्या मुलाने का घ्यावं? २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरतो, पहिली-दुसरीसकट. पहिलीच्या दारात मूल लिहितं असलं पाहिजे, ही अपेक्षा त्यात बसत नाही.

पहिलीपिढी

आराखडा तुम्ही वाचलात. माझ्या मुलाच्या पहिलीच्या बाईंपर्यंत तो पोचलाय याची खात्री कोण देणार? वर्ग बदलेल तेव्हा बदलेल. माझं मूल पुढच्या वर्षी त्याच वर्गात बसणार आहे.

नातवंडांची आजी

दोघी नातींना सकाळी आठ ते संध्याकाळी सात मीच सांभाळते. माझे गुडघे गेलेले आहेत. पाणी, पीठ, माती हे सगळं फार छान, पण सांडलेलं कोण पुसणार? ओसरी, तुम्ही घरी असता का? दुपारी वही दिली की मोठी अर्धा तास एका जागी बसते, तेवढ्यात माझी पाठ टेकते. नाहीतर मोबाइल द्यावा लागतो, आणि ते मला अजिबात नको आहे. खेळ सुचवताना सांभाळणारं माणूस किती वर्षांचं आहे तेही बघत चला.

पाळी संपली

मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. बाकीच्या वादात पडत नाही, पण राजमा-चवळीबद्दल लिहायलाच हवं. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर हा खेळ नको. चवळी नाकात जाते, ओलसर होऊन फुगते. शेंगदाणा किंवा मणी श्वासनलिकेत अडकतो. चार वर्षांच्या मुलीलाही समोर बसूनच द्या, आणि शेवटी दाणे मोजून डब्यात भरा. खेळण्यातले बटणसेल तर हाताला लागूच देऊ नका. ते अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांतच आतून भाजायला सुरुवात होते. आणि खेळ संपल्यावर पाण्याची बादली उपडी करून ठेवा. थोड्या पाण्यातही लहान मूल बुडतं.

ओसरी

राजमा आजच वर ठेवला. धाकटा दीड वर्षाचा आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मनापासून आभार.

आजी, मी नोकरी करते. दुपारी माझ्या सासूबाईच असतात, आणि त्यांनी कधी तक्रार केली नाही म्हणून मी विचारलंही नव्हतं. आज विचारलं. त्या म्हणाल्या, चिमटे आणि मटार चालतील, पाणी तू आल्यावर. तसंच ठरलं.

पहिलीपिढी, तुमचा पहिला प्रतिसाद मी दोनदा वाचला. 'लेखन नाही' हे मी मागे घेते. आमच्याकडे गोष्टींची पुस्तकं आहेत हे मी गृहीत धरलं होतं. पाटी आणि पिठाची ताटली सुरू करते. पण वहीची दोन पानं मी करून घेणार नाही, आणि हे शाळेला लेखी कळवणार आहे. हात दुखतो म्हणणाऱ्या मुलीला परत बसवणं मला जमणार नाही.

पहिलीपिढी

लेखी कळवण्याइतका शाळेसमोरचा धीर माझ्या आईकडे नव्हता, माझ्याकडेही अजून पुरता नाही. वही मी सोडत नाही. पण काल तुमचं वाचून मुलाला विचारलं, हात दुखतो का? तो म्हणाला, हो. आजवर सांगितलं का नाही, तर म्हणे, "तुम्ही विचारलं नाही."

खडूफळाताई, पिठाच्या ताटलीपाशी रोज किती वेळ बसवायचं?

खडूफळा

बसवायचं नाही दादा. ताटली खाली ठेवायची आणि आपण शेजारी बसून आपलंच नाव काढायला लागायचं. माझ्याकडे काही पोरं दोन मिनिटांत उठतात, काही खिचडीची वेळ झाली तरी उठत नाहीत. त्याच्या नावातलं पहिलं अक्षर आधी घ्या. आणि पीठ बाजरीचं घ्या, स्टीलच्या ताटलीत त्याची रेघ स्पष्ट उमटते.