लिंक बदलली की काम झालं, असं नाही

एअर सस्पेन्शनच्या, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या बॅगांवर उभ्या असलेल्या गाडीबद्दल कुणीतरी लिहिलंय की हाइट सेन्सरला सस्पेन्शनच्या आर्मशी जोडणाऱ्या दांड्या, म्हणजे लिंक, छोट्या टाकल्या की गाडी २५-३० मिमी खाली बसते, बाकी काही करावं लागत नाही. अर्धंच खरं आहे.

ही युक्ती मुळात कॉम्प्युटरला फसवण्याची. गाडीची उंची सांगणारा हा सेन्सर खरं तर फक्त आर्मचा कोन मोजतो. लिंकची लांबी बदलली की त्याला वाटतं गाडी उंच झाली, आणि कॉम्प्युटर बॅगमधली हवा सोडतो. लिंक छोटी हवी की लांब, हे सेन्सर कसा बसवलाय त्यावर ठरतं. मर्सिडीजचा सल्ला आउडीला लावू नका. आउडी ए६ (सी६) मध्ये तर लिंकला हातही लावावा लागत नाही. व्हीसीडीएस (लॅपटॉपवरून गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं सॉफ्टवेअर) जोडून उंचीचं कॅलिब्रेशन करताना चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर विचारतात, तिथे खऱ्यापेक्षा जास्त आकडा भरायचा. पुन्हा खरा आकडा भरला की गाडी मूळ उंचीवर. मला हाच मार्ग पटतो.

पण अलाइनमेंट करून घ्याच. गाडी खाली बसली की मागची चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. बाहेरून टायर नवा दिसतो, आत तारा निघालेल्या असतात! शिवाय बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबलं की अडवणारा ठोकळा) जवळ येतो. आपल्याकडचे सूचनाफलक नसलेले, रंग उडालेले स्पीडब्रेकर आठवा. झेनॉन दिवे असतील तर त्यांची पातळीही तपासा; तेही याच सेन्सरवर चालतात.

बॅगा जुन्या असतील तर आधी साबणाच्या पाण्याने गळती बघा, मग हौस.