चार वाट्यांना आठ वाट्या पाणी

३०४ (दुपारी १२:३८)
कोणी आहे का ग्रुपवर? तातडीचं आहे. भाताचा पार गिचका झालाय आणि पावणेदोनला आठ जण जेवायला टेकणार आहेत.

३०४
रोज १ वाटी तांदूळ, २ वाट्या पाणी. कसा सुटा होतो! आज त्याच हिशेबाने ४ वाट्यांना ८ वाट्या घातलं. वाटी तीच, तांदूळ तोच. भांडं तेवढं मोठं घेतलं.

२०३
दुप्पट पाणी बरोबरच आहे. तांदूळ नवा असणार. नव्याला पाणी कमी लागतं.

३०४
अहो दादा, काल याच डब्यातला केला होता. काल बरा आणि आज नवा कसा होईल?

५०१
*पुढे पाठवलेला संदेश* तांदूळ धुता? मग सगळी जीवनसत्त्वं मोरीत घालवता!! प्रत्येक गृहिणीपर्यंत पोचवा.

१०२ काकू
३०४, फोटो टाक आधी. आणि भांडं गॅसवरून उतरव.

३०४
(फोटो)

१०२ काकू
शितं फुटलीत गं. नुसतं पाणी जास्त झालं असतं तर चाळणीत ओतून, वेळून, पुन्हा मंद गॅसवर उघडा ठेवायला सांगितलं असतं. सुटला असता थोडाफार. पण फुटलेलं शीत काही परत सुटं होत नाही. हा बाजूला ठेव. तांदूळ शिल्लक आहे?

३०४
४ वाट्या निघतील जेमतेम.

१०२ काकू
मग आत्ता धुवून भिजत घाल. २० मिनिटं. हळूच चोळ, दाणा मोडू नकोस. पहिलं पाणी दुधासारखं येईल ते टाक. तीन-चार पाण्यांत तळाचे दाणे दिसायला लागले की पुरे, अगदी नितळ होईपर्यंत बसू नकोस.

५०१
पण काकू, धुवायचा नसतो ना? वरती पाठवलंय बघा.

१०२ काकू
वरून जीवनसत्त्वं लावलेला तांदूळ असतो त्याची धुण्यात जातात, हे खरं. तसं पाकिटावर लिहिलेलं असतं. साध्या पांढऱ्या तांदळातली बरीचशी कोंड्याबरोबर गिरणीतच गेलेली असतात. न धुता शिजवलास तर दाण्यावरची पिठी पाण्यात उतरते, त्याची खळ होते आणि शितं एकमेकांना चिकटतात.

सेक्रेटरी
*सूचना* : उद्या टाकी धुणार असल्याने सकाळी १० ते १ पाणी बंद राहील.

६०२
भाताला पाणी किती ते ठरेपर्यंत पाणीच बंद 😄

३०४ (१२:५१)
भिजत घातला. काकू, पण चुकलं कुठे ते सांगा ना. हिशेब तर बरोबर होता.

१०२ काकू
हिशेबच चुकला. पाणी दोन वाटांनी जातं, तांदळाच्या पोटात आणि वाफ होऊन हवेत. तांदूळ साधारण त्याच्या मापाइतकंच पिऊन नीट शिजतो, १ वाटीला १ वाटी, फार तर थोडं वर. तुझी दुसरी वाटी रोज वाफेवारी जाते. तुझ्या त्या छोट्या पातेल्याचं झाकण खडखडतं, मला माहितीय, मीच वापरलंय.
आता तांदूळ चौपट झाला म्हणून पोटात जाणारं पाणी चौपट. वाफ कशाला चौपट होईल? गॅस तेवढाच, वेळ जवळपास तेवढाच. भांडं रुंद असेल तर थोडी जास्त उडेल, झाकण घट्ट असेल तर उलट कमी. म्हणजे ४ आणि १, पाच. तू घातलंस ८. वरच्या ३ वाट्या कुठे जाणार? तांदळाला पुरे म्हणता येत नाही. समोर गरम पाणी असेतो पीत राहतो आणि फुटतो.

३०४
अरे देवा.

२०३
आमच्याकडे कायम दुप्पटच घालतात. कधी बिघडत नाही.

१०२ काकू
तुमच्याकडे रोज तेवढाच भात, त्याच भांड्यात होतो म्हणून.

६०२
मी तर वाटी घेतच नाही. तांदूळ सारखा पसरायचा, बोट टेकवायचं, पहिल्या पेरापर्यंत पाणी. तांदूळ कितीही असो.

१०२ काकू
तेच! तांदूळ वाढला तरी पेर तेवढंच राहतं, कारण उडणारं पाणी तेवढंच. फक्त पसरट भांड्यात मूठभर तांदूळ असेल तर पेराने फसायला होतं, पाणी फार होतं.

४०१ आजोबा
ह्यात थोडं रसायनशास्त्र घालतो. तांदळात दोन प्रकारचा स्टार्च असतो. अमायलोज जास्त असेल तो भात मोकळा, अमायलोपेक्टिन जास्त असेल तो चिकट. लांब दाण्याच्या जातींत साधारणपणे अमायलोज जास्त, म्हणून तो सुटा होतो. बुटक्या चिकट तांदळाचा मोकळा भात करायला गेलात तर कितीही मोजा, जमायचा नाही.

४०१ आजोबा
आणि उकळी जोरात हवी असा काही नियम नाही. दाण्यातला स्टार्च ६५ ते ७५ अंशांच्या आसपासच फुगायला लागतो. खळखळ उकळून दाणे आपटतात आणि मोडतात, एवढंच.

२०३
आजोबा, लिंबू पिळलं की पांढरा होतो हे खरं का?

४०१ आजोबा
खरं. नळाचं पाणी अल्कधर्मी असेल तर तांदळातली रंगद्रव्यं पिवळट दिसतात, आंबटाने ती फिकी पडतात. चार-पाच थेंब पुरे.

३०४ (१:०९)
२० मिनिटं झाली काकू.

१०२ काकू
निथळून घे. भिजलेला तांदूळ थोडं पाणी आधीच प्यायलेला असतो, तेव्हा पाचातून अर्धी वाटी कमी कर. साडेचार. जाड बुडाचं भांडं, मीठ, चमचाभर तेल, त्याने फेस वर येऊन उतू जात नाही. पाण्याला आधण आलं की तांदूळ वैर, एकदाच हलकेच ढवळ, परत उकळी आली की गॅस अगदी बारीक आणि झाकण घट्ट. घड्याळ लाव. १२ मिनिटं.

३०४
आणि झाकण काढून बघायचं कधी?

१०२ काकू
काढायचंच नाही.

३०४
आमच्याकडे एक जण दर २ मिनिटांनी काढतात.

१०२ काकू
त्यांना बाहेर पाठव काहीतरी आणायला.

३०४ (१:२४)
काकू, आवाज बदललाय. आधी बुडबुड होती, आता बारीक चरचर.

१०२ काकू
खालचं पाणी संपलं. बंद कर लगेच, आणखी दोन मिनिटांत खाली लागेल. आता फक्त एकदा झाकण उचल, वरच्या भातात छिद्रं दिसतील, वाफेच्या वाटा त्या. दोन शितं घे, बोटांत चेप. मध्ये कणी आहे?

३०४
छिद्रं आहेत! कणी अगदी किंचित, टाचणीच्या टोकाएवढी.

१०२ काकू
मग झालं. कोरडं सुती फडकं झाकणाखाली घाल, टोकं वर बांध, घट्ट लाव. १० मिनिटं हात लावू नकोस. त्या वाफेत कणी जाते आणि तळाचा ओलावा वर पसरतो. झाकणाचं पाणी फडकं पितं, भातावर ठिबकत नाही. जास्त कणी असती तर दोन-तीन चमचे उकळतं पाणी शिंपडून ५ मिनिटं बारीक गॅस दे म्हटलं असतं.

६०२
हा १० मिनिटांचा भाग मी कायम गाळते. भूक लागलेली असते.

४०१ आजोबा
गाळू नका. गरमागरम शीत अगदी मऊ असतं, डाव घातलात की मोडतं. जरा बसलं की घट्ट होतं, मग सुटं निघतं.

१०२ काकू
आणि डावाने घुसळायचं नाही. काट्याने कडेकडेने उचलत आत ये.

३०४ (१:३८)
(फोटो)

३०४
काकूऽऽ बघा! एकेक शीत वेगळं!! तळाला जरा तांबूस झालंय फक्त.

१०२ काकू
ती खरपुडी कोणाला वाढू नकोस, आपल्यासाठी ठेव.

६०२
वा! आणि त्या गिचक्याचं काय करणार?

३०४
ओट्यावरच आहे अजून. संध्याकाळी बघते.

४०१ आजोबा
संध्याकाळपर्यंत बाहेर नको! कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. ताटात पातळ पसरून निववा आणि तासाभरात फ्रिजमध्ये. उद्या संपवून टाका. उरलेल्या चांगल्या भातालाही हेच.

६०२
फ्रिजमधला भात कडक होतो पण.

४०१ आजोबा
थंडीत स्टार्च परत घट्ट होतो. म्हणून तर परतायला आदल्या दिवशीचा भात बरा, कढईत मोडत नाही.

३०४ (१:४४)
बेल वाजली. पळते. काकू, तुमच्यासाठी वाटीभर ठेवते.

२०३ (रात्री ८:१५)
आज घरी मीच करतोय. नेहमी १ वाटी करतो, आज २ वाट्या आहे. भिजवलेला नाही, भांडं नेहमीचंच. म्हणजे ४ वाट्या पाणी ना?

१०२ काकू
दादा, गॅस पेटवू नका. वर येते मी.