पुढच्या साथीत साथीच्या रुग्णांसाठी विशेष विभाग मोकळे करायचे का?

राजवाडाकर: इंदूरचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय बांधलं हृदय, मेंदू, मूत्रपिंडासाठी, २०२० मध्ये चालू झालं ते कोविडचं म्हणून. माझं मत: पुढच्या वेळी विशेष विभागांना हात लावू नका. पलंग मोकळा करता येतो, विभाग नाही. डायलिसिसच घ्या. मिनिटाला ५०० मिली, चार तास, म्हणजे एका रुग्णाला १२० लिटर द्रव, तोही आरओच्या (गाळून शुद्ध केलेल्या) पाण्याचा. ‘युनिट वरच्या मजल्यावर हलवा’ असा हुकूम निघतो, आणि तिथे नळाला ना दाब, ना निचऱ्याची सोय. डायलिसिसची एक पाळी चुकली की रक्तातलं पोटॅशियम चढतं, फुप्फुसात पाणी साठतं.

सियागंज_भूल: दादा, डायलिसिस मान्य. बाकीच्यांचा हिशेब करा. व्हेंटिलेटरच्या एका पलंगाला एक नर्स. दहा पलंग, तीन पाळ्या: ३०, साप्ताहिक सुट्ट्या सोडून. पीपीई किटमध्ये सहा तासांवर टिकणं अवघड, म्हणून चार पाळ्या: ४०. त्यात १४ दिवस ड्युटी, १४ दिवस विलगीकरण धरा, झाल्या ८०. ओटी (शस्त्रक्रियागृह) आणि कॅथलॅब (हृदयाच्या अँजिओग्राफीची खोली) बंद केल्याशिवाय आणणार कुठून? भूलतज्ज्ञ गुडघा बदलायच्या टेबलावर अडकला तर आयसीयूत श्वासाची नळी कोण टाकणार?

राजवाडाकर: कॅथलॅबची सिस्टर वायर-स्टेंट देण्यात तरबेज. पण अलार्म वाजला की व्हेंटिलेटरची जोडनळी (सर्किट) सुटलीय की नळीत कफ अडकलाय, हे तिला एका दिवसात कसं उमजेल? ८० हा आकडा भरेल, काम नाही.

छत्रीबागवाली: दोघंही मे २०२१ विसरलात. नाकात दुर्बीण घालणं म्हणजे एरोसॉल (हवेत तरंगणारे बारीक तुषार), म्हणून पहिल्या लाटेत ईएनटीच्या (कान-नाक-घसा) ठरलेल्या शस्त्रक्रिया आधी थांबल्या. वर्षभरात म्युकर (काळी बुरशी) आला आणि तोच विभाग सगळ्यांत पुढे! केओएच स्लाइडला (बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायला) मायक्रोबायॉलॉजी, सडका भाग काढायला ईएनटी, डोळ्यात उतरला तर नेत्रविभाग, जबड्यात तर दंतशल्य. नुसत्या इंजेक्शनवर भागत नाही, कारण बुरशी रक्तवाहिन्याच बुजवते. मेलेल्या भागात औषध पोचणार कसं? लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं इंजेक्शन किलोमागे ५ मिग्रॅ, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० मिग्रॅच्या सहा कुप्या रोज. त्याही ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच. नॉर्मल सलाईनमध्ये घातलं की साका धरतो. शिवाय क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी), पोटॅशियमवर सतत नजर, म्हणजे परत नेफ्रॉलॉजी (मूत्रपिंड विभाग).

सियागंज_भूल: ताई, उघडं ठेवायचं तर हवेचं काय? ओटीत दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, दार उघडलं की आतली दूषित हवा कॉरिडॉरमध्ये. तासाला १२ वेळा हवा बदलत असेल तर ९९ टक्के कण जायला २३ मिनिटं. सहाच वेळा, तर ४६. एवढा वेळ दोन केसेसमध्ये खोली रिकामी. वर किट चढवणं-उतरवणं. दिवसाला आठाच्या चार शस्त्रक्रिया होतात.

छत्रीबागवाली: होऊ द्या की चार! यादी आखडा, विभागाला कुलूप कशाला?

तिसरं_वर्ष: त्या चारही कन्सल्टंटच करतात, शिकणाऱ्याच्या हाती दुर्बीण येत नाही. वर नीट पीजी २०२१ (डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) झाली ११ सप्टेंबरला, काउन्सेलिंग (जागावाटप) सुरू झालं जानेवारी २०२२ मध्ये. तोवर पहिल्या वर्षाची तुकडीच नाही, तिघांचं काम दोघांवर. ८० नर्सेस मोजल्यात, निवासी डॉक्टर (पदव्युत्तर शिकणारे) कुठे धरलेत?