रोल धुवायला कुठे टाकायचात? कॅमेऱ्याच्या दुकानांचे मुंबईकर अनुभव

चाळकरी

गेल्या महिन्यात पासपोर्ट फोटोसाठी गिरगावात गेलो. आमच्या नेहमीच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं आणि टेम्पर्ड ग्लास मिळते. पाटी तेवढी जुनीच आहे, उतरवायचा कंटाळा केला असावा. पिवळा रंग, आणि कोपऱ्यातलं कोडॅकचं लाल 'के' उन्हाने पार गुलाबी झालेलं. आतल्या मुलाला विचारलं, इथले शेठ कुठे गेले? तो म्हणाला, कोण शेठ?

माझ्या मुंजीचा रोल इथेच धुतला होता, १९९१ साली. शेठ प्रिंटचा गठ्ठा काउंटरवर पत्त्यांसारखा पसरायचे आणि हललेले फोटो स्वतःच बाजूला काढायचे. "ये नको, हललाय. याचे पैसे नाय." मग निगेटिव्हच्या चार-चारच्या पट्ट्या ट्यूबलाइटसमोर धरून आईला दाखवायचे की बघा, इथे बोट आलंय लेन्सवर. बोट नेहमी बाबांचं असायचं.

म्हणून हा धागा. नुसतं "काय दिवस होते" नको. काय घेतलंत, काय शिकलात, कुठे फसलात ते लिहा. दुकानात हाताळून नंतर ऑनलाइन घेतलं असेल तर तेही लिहा, इथे कोणी मारत नाही. माझ्यापासूनच सुरू करतो.

२०१४ चा सप्टेंबर. मला डीएसएलआर घ्यायचा होता. फोर्टातल्या एका दुकानात तीनदा गेलो. तिथल्या माणसाने दोन बॉड्या खोक्यातून काढून दिल्या, बॅटरी चार्ज करून ठेवली, रस्त्यावर जाऊन चार फोटो काढून या म्हणाला. हातात कुठला नीट बसतो, ग्रिप कुठे टोचते, सगळं त्याच्या जिवावर ठरवलं. आणि ऑक्टोबरात तो पहिला मोठा ऑनलाइन सेल आला तेव्हा ऑफिसात बसून मागवला. फरक चार हजारांचा.

पुढच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी. घेऊन कुठे जाणार? त्याच दुकानात. त्याने लेन्स दिव्यासमोर तिरकी धरली. "बंद कपाटात, बॅगेत ठेवता ना? मुंबईत नाही चालत." पाचशे रुपये घेतले, आठवड्याने साफ करून दिली, वर सिलिका जेलच्या चार पुड्या. कॅमेरा कुठून घेतला हे विचारलंच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

काउंटरपलीकडचा

मी दुसऱ्या बाजूचा. दादर पश्चिमेला एका दुकानात काउंटरवर होतो, २००३ ते २०१९.

सगळं खापर ऑनलाइनवर फुटतं ते बरोबर नाही. दुकान कॅमेऱ्यावर चालतच नव्हतं. एक कुटुंब कॅमेरा घेणार दहा वर्षांतून एकदा. पण तेच कुटुंब गणपतीत एक रोल, दिवाळीत एक, मे महिन्यात गावाला दोन, शिवाय बारसं-वाढदिवस. प्रत्येक रोलमागे रोलची विक्री, धुलाई, छत्तीस मॅक्सी प्रिंट, अल्बम, पेन्सिल सेल. कॅमेरा हे गळाला लावायचं आमिष होतं हो! म्हणून शेठ कोडॅकचा केबी-१० कॅमेरा जवळपास खरेदीच्या भावात द्यायचे.

डिजिटल आल्यावर आधी हे गेलं. २००५-०६ पासून लोक कार्ड घेऊन यायचे. तीनशे फोटो, त्यातले प्रिंट सात. लाखोंची मिनीलॅब, म्हणजे रोल धुऊन प्रिंट काढणारं मशीन, दिवसभर गरम ठेवायची, केमिकल जिवंत ठेवायची आणि सात प्रिंट काढायचे. मग फोन आला आणि ते सातही गेले. जपानच्या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेचे आकडे बघा: २०१० साली जगभर बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले, २०२० मध्ये नव्वद लाखांच्या आत. हे काही कुरियरवाल्याने केलं नाही.

ऑनलाइनने मारलं ते मोठ्या कॅमेऱ्यांत, जिथे आम्ही तग धरून होतो. एकदा एका गिऱ्हाइकाने मोबाईलवर भाव दाखवला. तो आमच्या खरेदीपेक्षा कमी होता. विक्रीपेक्षा नव्हे, खरेदीपेक्षा! शेठनी डिस्ट्रिब्युटरला फोन लावला, तो थंडपणे म्हणाला, मग तुम्हीपण तिथूनच घ्या ना. आणि खरंच घेतले. मी, शेठचा मुलगा आणि वॉचमन, तिघांच्या नावावर एकेक. ते शोकेसमध्ये लावून विकले. हसावं की रडावं कळेना.

जीएसटी आला तेव्हा कॅमेरा २८ टक्क्यांत बसवला होता, १८ वर आला तो १ जानेवारी २०१९ ला. तोवर आमच्याकडे शोकेसमध्ये कॅमेऱ्यांपेक्षा फोटो छापलेले मग जास्त होते.

चाळकरी, तुमच्यासारखे रोज चार यायचे. आम्हाला कळायचं. जो भाव विचारायच्या आधी मॉडेल नंबरचा फोटो काढतो तो घेणार नाही. तरी दाखवायचो, कारण नाहीतर करायचं काय दिवसभर?

पाऊसवेडी

उसासे वाचले. आता माझं ऐका.

२०११. पहिल्या बोनसमधून कॅमेरा घ्यायचा म्हणून भावाला सोबत घेऊन गेले. मी लेन्सचं विचारतेय आणि दुकानदार उत्तर भावाला देतोय. भाऊ बिचारा म्हणतोय, मला काही कळत नाही, तिला सांगा. तर माझ्याकडे बघून, "मॅडमसाठी हा छोटा आहे ना, गुलाबी कलरमध्ये." मी शटर प्रायॉरिटी (शटरचा वेग आपण ठरवायचा तो मोड) म्हटलं तर हसला.

तरी घेतला, कारण पैसे खिशात गरम होते. वर "यूव्ही फिल्टर कंपल्सरी आहे, नाहीतर वॉरंटी जाते" म्हणून नऊशे, बॅगेचे सातशे. ती बॅग खोक्यातच फुकट येते हे नंतर कळलं. वॉरंटी कार्ड उघडलं तर शिक्का नाही, तारीख नाही. माल ग्रे होता, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला. बिल म्हणून दिलं ते 'एस्टिमेट'.

२०१५ मध्ये दुसरा घेतला तो ऑनलाइन. रात्री अकरा वाजता, गाऊनमध्ये, चहा पीत. पन्नास लोकांचे अनुभव वाचले, कोणी गुलाबी दाखवला नाही. त्या दुकानाचं शटर कायमचं पडलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही, आणि न वाटल्याचंही वाटलं नाही.

फोकस हुकलेला

फिल्टर कंपल्सरी, अगदी अगदी! माझ्या मेव्हण्याच्या गळ्यात तर ट्रायपॉडपण मारला होता. तो अजून आमच्याकडे वाळवणाच्या साडीला टेकू म्हणून उभा आहे.

कल्याण_स्लो

वडील लग्नाचे फोटोग्राफर, नंतर मी. पाऊसवेडी म्हणतात ते खरंच आहे, स्टेशनबाहेरची काही दुकानं तशीच होती. पण धंदेवाल्यांना दुकान वेगळ्या कारणाने लागायचं. उधारी. लग्नसराईत वडील चाळीस-चाळीस रोल वहीवर उचलायचे. पार्टीकडून पैसे यायचे तुळशीच्या लग्नाचे होळीला, तेव्हा खाडाखोड. हल्ली ईएमआय आहे म्हणतात, पण ईएमआय होळीपर्यंत थांबत नाही.

आणि एक धडा दुकानातलाच. १९९६, वैशाख. वडिलांना ताप, मी एकटा, हातात त्यांचा पेंटॅक्स के-१०००. अंतरपाट दूर झाला, हार झाले, मी खटाखट. काउंटर ३६ वर. पुढे ३७. ३८. मी खूश, दोन फोटो जास्त मिळाले. ३९ ला पोटात गोळा. उजवीकडे लिव्हर ओढतोय आणि डावीकडची रिवाइंडची खुंटी जागची हलत नाहीये. रोलचं टोक स्पूलमध्ये पकडलंच नव्हतं. एकही फोटो नाही.

रोल नीट बसवला आणि वधूवरांना विनंती केली, पुन्हा एकदा हार घालता का? गुरुजी म्हणाले, "हार दुसऱ्यांदा घालायचा नसतो." नवऱ्याचे मामा पोलिसात होते, त्यांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. शेवटी हार अर्धवट उचलून धरायला लावले, घालतोय असं वाटेल इतपत. अल्बममध्ये दोघं हसतायत ते त्यामुळेच.

संध्याकाळी दुकानात सांगितलं. काका रागावले नाहीत. ड्रॉवरमधून वाया गेलेला रोल काढला, माझ्याकडून वीस वेळा भरून घेतला. डोळे मिटून. "झाकण लावल्यावर दोनदा ओढायचं आणि खुंटीकडे बघायचं. फिरली तरच पुढे." वीस वेळा. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं.

आता मिररलेस कॅमेरा भाड्याने आणतो, दिवसावर. बॉडी विकत घेऊन ठेवायला परवडत नाही, दोन वर्षांत जुनी होते.

पोटमाळ्यावरची

माझे बाबा कॅमेरे दुरुस्त करायचे. फोर्टात, बझारगेटच्या एका इमारतीत पोटमाळ्यावर. लाकडी जिना, ज्यावर वर येणारा आणि खाली जाणारा एकाच वेळी मावत नाहीत. टेबलावर पांढरा कपडा, त्यावर स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ओळीत मांडलेले. आम्हा मुलींना शिंकायची बंदी! लेन्समध्ये उजेड कमी-जास्त करणाऱ्या ॲपर्चरच्या चिकटलेल्या पात्यांना लायटरचं पेट्रोल लावायचे, म्हणून त्यांच्या हाताला कायम तो वास.

एक गोष्ट फार कोणाच्या लक्षात येत नाही. बाबांना पाटी नव्हती. सगळं काम दुकानांतून यायचं. काउंटरवर कॅमेरा जमा व्हायचा, चिठ्ठी लागायची, संध्याकाळी पोरगा पिशवी घेऊन जिना चढायचा. दुकानं बंद झाली तसे पिशवीतले कॅमेरे कमी झाले. गिऱ्हाईक होतं, पण बाबा कुठे बसतात हे त्याला माहीतच नव्हतं! वर नवे कॅमेरे म्हणजे सर्किट. सुटा भाग कंपनी बाहेर देत नाही, आख्खं बोर्ड बदला म्हणते.

बाबांनी २०१८ ला बंद केलं. चाळकरी, तुमची बुरशी आठवड्याने साफ होऊन आली ना? ती तिथेच झालेली नसणार. अशाच कुठल्यातरी माळ्यावर गेली असणार.

चाळकरी

हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं आतल्या खोलीत करतात.

टिपणवही

थोडं अवांतर. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली, आणि सुरुवातीच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी होते. म्हणजे आपल्या माणसांनी हे खूळ फार आधी घेतलंय. आणि दुसरं टोक: कोडॅकने कोडाक्रोम या आपल्या रंगीत फिल्मचा शेवटचा रोल फोटोग्राफर स्टीव्ह मॅकरीला दिला, तो २०१० मध्ये त्याने काही न्यूयॉर्कला आणि काही भारतात वापरला. मुंबईत अमिताभ बच्चनचा फोटो त्यावर आहे. पुढे, जानेवारी २०१२ मध्ये, कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ साली बनवला होता कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसनने.

काउंटरपलीकडचा

आम्हाला हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर २००४ ला नवी मिनीलॅब घेतली नसती.

अर्धाच_रोल

मी लहान आहे इथे, २३. इन्स्टावर बघून फिल्मचं वेड लागलंय. छत्तीसचा रंगीत रोल हजाराच्या घरात जातो, म्हणून शटर दाबताना हात थरथरतो. ऑनलाइन घेतलेला एक एक्स्पायर निघाला, आता फोर्टातूनच आणते. तिथले काका फ्रिजमधून काढून देतात, कोथिंबिरीसारखा.

पण प्रश्न वेगळा आहे. आजोबांच्या ट्रंकेत अॅग्फा क्लिक-३ कॅमेरा सापडला. मागच्या लाल काचेतून बघितलं तर आत ७ आकडा दिसतोय! म्हणजे रोल आत आहे? उघडू का?

कल्याण_स्लो

उघडू नकोस!!

काउंटरपलीकडचा

अजिबात नाही. तो १२० चा रोल आहे, बारा फोटोंचा. सहा काढून झालेत, सातवा तयार आहे. उरलेले वाटलं तर काढ, नाहीतर हळूहळू गुंडाळत राहा. बारानंतर लाल काचेत काहीच दिसेनासं झालं की आणखी थोडं फिरव. मग खोली अंधारी करून उघड आणि रोल सैल पडू न देता कागदाची पट्टी चिकटव. आजोबांच्या काळचा आहे, म्हणजे बहुधा ब्लॅक-अँड-व्हाइट असेल. कागदावर नाव बघ, उटीच्या कारखान्याचा 'इंदू' असेल तर बहुतेक तोच. रंगीतच्या मशीनमध्ये टाकू देऊ नकोस, हाताने धुणाराच शोध.

अर्धाच_रोल

सातवा फोटो कशाचा काढू? आणि हाताने धुणारा कुठे मिळेल?

पोटमाळ्यावरची

बाबांचे एक मित्र अजून धुतात, त्याच गल्लीत. बाबांना विचारलं, ते म्हणतात मी येतो तिच्याबरोबर, पत्ता सांगून सापडणार नाही. शनिवारी अकराला जीपीओच्या पायऱ्यांवर भेट.

पाऊसवेडी

मीही आले तर चालेल? बघायचंय, काय निघतं ते.

पोटमाळ्यावरची

या की. फक्त जिना चढताना डाव्या बाजूने. आणि रविवारवर ढकलू नका, रविवारी फोर्ट बंद.