वर्गात इथिओपियाची कॉफी करायची आहे, ४० जण आणि एकच तास

प्रश्न (वर्गप्रतिनिधी, मुंबई):
एम.ए.च्या वर्गात इथिओपियाची एक मैत्रीण आहे. तिला तिच्याकडचा ‘बुन्ना’चा, म्हणजे कॉफीचा विधी सगळ्यांना दाखवायचाय. जेबेना, म्हणजे कॉफी उकळायची मातीची सुरई, तिच्याकडे आहे. कॉलेजात कोळसा पेटवता येणार नाही. इंडक्शन चालेल का? बिया किती घ्यायच्या?

कॉफीबी:
मातीचं भांडं इंडक्शनवर तापत नाही. कॉइलची शेगडी घ्या, आच मंदच ठेवा. कॉफी तीन फेऱ्यांत करतात. तापलेल्या जेबेनात गार पाणी पडलं की तडा जातो, म्हणून पुढच्या फेऱ्यांचं पाणी किटलीत गरम हवं.

४० जणांचं एकदम जमणार नाही. १२ जणांना ६० मिलीचा एकेक कप धरून कच्च्या बिया ७० ग्रॅम. भाजल्यावर साधारण ६० उरतात. पाणी ८५० मिली, कारण चोथाच सव्वाशेक मिली पिऊन बसतो. माटुंग्याच्या कॉफीच्या दुकानांत कच्ची अरेबिका विचारा. चिकरी घातलेली तयार पूड अजिबात नको.

खलबत्ता:
बिया धुवून लोखंडी तव्यावर एका थरात, सतत हलवत भाजा. दहा-पंधरा मिनिटं लागतात. आधी तडतडतात, मग काळपट होऊन तुकतुकीत दिसतात. हे काम उघड्या गॅलरीत करा, धूर खूप होतो आणि वर्गातली अलार्म वाजेल. पंखाही बंद, नाहीतर फोलपटं उडतात. धुरकट तवा प्रत्येकापुढे फिरवून वास घेऊ द्या. हे वगळलं तर विधीचा अर्धा जीव गेला. निवल्यावर जाडसर कुटा. फार बारीक पूड खाली बसत नाही, कपात गाळ येतो.

जेबेनातल्या पाण्यात पूड घाला. उकळी आली की जेबेना उतरवून चार-पाच मिनिटं तिरकी टेकवून ठेवा. मग एका धारेत सगळे कप भरा. मध्येच सरळ केली की चोथा ढवळतो.

वर्गप्रतिनिधी:
वेळ वाचवायला एकच फेरी केली तर?

कॉफीबी:
कृपया नको. अबोल, तोना, बराका अशा तीन फेऱ्या, त्याच चोथ्यावर पाणी घालत, दर वेळी फिकी. ‘बराका’ म्हणजे आशीर्वाद, त्याआधी पाहुण्याने उठणं बरं दिसत नाही. फेऱ्या कमी करू नका, माणसं कमी करा: १२ जण गोल बसवा, बाकीच्यांना पुढच्या वेळी. सलग दोन तास मागून घ्या.

खलबत्ता:
सोबत लाह्या द्या, त्यांच्याकडेही पॉपकॉर्न असतोच. ती ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन असेल तर बुधवार-शुक्रवारी उपवास असू शकतो, त्यात दूध-तूपही चालत नाही. लाह्यांना लोणी लावण्याआधी तिला विचारा.