१९४६-४७ची इंग्लिश फुटबॉल लीग लिव्हरपूलची, की स्टोकने घालवलेली?

तिरकस_बंडू:
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "युद्धानंतरची पहिली लीग लिव्हरपूलच्या पदरात आयती पडली." ५७ गुण काय टपालाने आले? ३१ मे १९४७, वुल्व्ज संघाचं मैदान मोलिन्यू, लिव्हरपूलचा शेवटचा सामना. वुल्व्ज जिंकले असते तर लीग त्यांची. आमच्या बाल्मरने एक मारला, मग आमचाच स्टबिन्स एकटाच चेंडू घेऊन सुटला. मागे वुल्व्जचा बचावपटू कलिस, त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा सामना. शर्ट धरला असता तर गोल वाचला असता. नाही धरला. २-१. याला आयतं म्हणतात?

गोदाकाठ:
ते मीच लिहिलं होतं. सामना जिंकलात, पण मग दोन आठवडे देव पाण्यात घालून बसलात ना? १४ जूनला स्टोक शेफील्डमध्ये जिंकले असते तर गुण सारखे होऊन गोल-सरासरीवर (केलेले गोल भागिले खाल्लेले गोल) लीग त्यांचीच होती. हरले १-२. का? मॅनेजरशी बिनसलं म्हणून त्यांनी आपल्या सर्वोत्तम खेळाडूला, मॅथ्यूजला, मे महिन्यात ब्लॅकपूलला विकलं! ११,५०० पौंडांत! आमच्या ऑफिसच्या संघात साहेबांशी वाजलं म्हणून फायनलला मला बाकावर बसवलं होतं. ०-३. मला ही जखम कळते.

रेशनकार्ड:
मॅथ्यूज राहू दे. १९४६च्या उन्हाळ्यात मॅनेजर जॉर्ज के यांनी लिव्हरपूलला अमेरिकेत नेलं. मांस, दूध, आइस्क्रीम. इकडे इंग्लंडात युद्धातही नसलेलं पावाचं रेशनिंग जुलैत सुरू झालं. लीग तिथेच जिंकली.

तिरकस_बंडू:
मटणाने लीग मिळत असती तर आमचा मेहुणा कर्णधार असता. सप्टेंबरात त्याच गुबगुबीत संघाला मँचेस्टर युनायटेडने ५-० हाणलं!

रेशनकार्ड:
थट्टा सोपी असते हो. माझे आजोबा रेशनच्या तांदळावर गिरणीत पाळी करून परळला हुतूतू खेळायचे. म्हणायचे, दुसऱ्या डावात पाय उचलत नाही. पोटभर जेवलेल्यांना ते कळायचं नाही.

तिरकस_बंडू:
आजोबांना मध्ये आणू नका, मग बोलायची सोयच राहत नाही.

गोदाकाठ:
तुमचं मटण चालू द्या. त्या ५-० नंतर लगेच स्टबिन्सला १२,५०० पौंड मोजून आणलं. त्याने आणि बाल्मरने लीगमध्ये २४-२४ गोल केले. म्हणजे स्टोकने आपला हिरा विकला, लिव्हरपूलने आपला विकत घेतला.

तिरकस_बंडू:
म्हणजे आयती नव्हती! चला, उशिरा का होईना.

गोदाकाठ:
विकत घेतली म्हणतोय. आयती नव्हे. खूश?

रेशनकार्ड:
आणि जेवण?

तिरकस_बंडू:
बरं बाबा, दोन गुण आइस्क्रीमचे.